उजव्या कानाचं बटण

व्हर्लिन हाऊक कुठलीही टोपी आधी समोरून बघत नाही. तुम्ही ती त्याच्या टेबलावर ठेवलीत की तो चष्मा कपाळावर चढवतो, टोपी उलटी करतो, आत नाक खुपसून वास घेतो आणि मग छोटी बॅटरी लावून भोकं तपासतो. पुढचा पितळी गरुड, वरचा तुरा, कानांवरची बटणं, ज्यांच्यासाठी बाकीचे हुरळून जातात, ते सगळं तो शेवटी बघतो. "पितळ काय, कालसुद्धा बसवता येतं," असं तो म्हणतो. "भोक मात्र एकदा पडलं की पडलं."

माझं टेबल त्याच्या डाव्या हाताला. मी बटणं विकते. सैन्याची, रेल्वेची, जुन्या पोलिसांची. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, दर मार्चमध्ये जुन्या लष्करी सामानाच्या प्रदर्शनाला सलायनाच्या जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसतो. उन्हाळ्यात त्याच हॉलमध्ये डुकरांना बक्षिसं देतात आणि कितीही धुतला तरी तो वास पुरता जात नाही. माझ्या अंगात एक जुनं जाकीट असतं. जी बटणं कुणी घेत नाही, एखाद्याचा मागचा पाय तुटलेला, एखादं चेपलेलं, ती मी त्या जाकिटावर टाचून ठेवते. चाळीसेक झाली असतील. व्हर्लिन त्या जाकिटाला अनाथाश्रम म्हणतो.

त्याचं रेडिएटर झाळायचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, गहू कापायची यंत्रं, कॅन्ससमध्ये जे काही तापतं ते त्याच्याकडे येतं. शिक्षण दहावीपर्यंत. सैन्यात जायची फार हौस होती, पण पाय सपाट निघाले आणि भरतीच्या दारातूनच त्याला परत पाठवलं. "पाय नापास झाले म्हणून हा डोक्याकडे वळला," असं त्याची बायको लोरीन येईल त्याला सांगते. लोरीनने टोप्यांना झोपायच्या खोलीत मज्जाव केलाय. बाकी घरात त्या सगळीकडे आहेत, जेवणाच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीवरसुद्धा.

त्याचा खास जीव १८८१ सालच्या संचलनाच्या टोपावर. काळ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा टोप, पुढे पितळी गरुड. पायदळाचा असेल तर डोक्यावर पितळी टोक, घोडदळाचा असेल तर घोड्याच्या केसांचा पिवळा तुरा आणि त्याबरोबर पिवळी दोरी. गरुडाच्या छातीशी पलटणीचा आकडा पांढऱ्या धातूत, खाली पायदळाच्या दोन बंदुका किंवा घोडदळाच्या दोन तलवारी. दोन्ही कानांवर एकेक बटण, त्यावर तीच खूण. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

लोक येतात ते "पणजोबांची लढाईतली टोपी" घेऊन. दहातल्या नऊ टोप्या लढाईच्या नसतातच. कुठल्यातरी मंडळाच्या नाहीतर बँडच्या असतात. आपल्याकडे एक काळ असा होता की चार माणसं जमली की मंडळ काढायची आणि मंडळ काढलं की तुऱ्याची टोपी शिवायची. व्हर्लिन ते तोंडावर सांगतो. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याची विधवा आली होती, हातात मोजे वगैरे.

"बाई, हे ढोलवाल्याचं आहे," व्हर्लिन म्हणाला.

"माझे सासरे कर्नल होते."

"असतील. टोपी ढोलवाल्याची आहे."

बाईंनी टोपी काखोटीला मारली आणि तरातरा निघून गेल्या. मी म्हटलं, "अरे, जरा गोडीने सांगावं." तर म्हणतो, "गोडीने सांगितलं असतं तर ती कर्नलची झाली असती का?"

पण खोट्या टोपीपेक्षाही त्याला चीड होती जोडलेल्या टोपीची. नमदा एकीचा, गरुड दुसरीचा, बटणं तिसरीची. विकणारे असं सर्रास करतात. आमच्यात तिला "लग्न लावलेली" म्हणतात. व्हर्लिनने टोपी उलटी करून "हिचं लग्न झालंय" असं म्हटलं की मालकाचा चेहरा उतरायचा, कारण त्याच्या शब्दावर अपील नव्हतं. तीन राज्यांतले लोक त्याचं मत घेऊन जायचे. आणि नमुना म्हणून तो आपल्या काचेच्या पेटीतल्या टोपाकडे बोट दाखवायचा. चोविसाव्या पायदळाचा टोप. टोक, गरुड, दोन्ही बटणं, आतली कातड्याची कपाळपट्टी, सगळं नियमाच्या पुस्तकाबरहुकूम. तीन निळ्या फिती मिळाल्या होत्या त्याला, म्हणजे तीनदा पहिलं बक्षीस. "टोप कसा असावा," तो म्हणायचा, "तर असा."

मला त्या टोपाबद्दल एक गोष्ट ठाऊक होती. ठाऊक होती म्हणजे काय, ती मी विसरून बसले होते. १९६८ साली एका शेतावरच्या लिलावात त्याला तो सापडला तेव्हा तो असा नव्हता. डोक्यावर घोडदळाचा तुरा होता, तोही दोरीशिवाय, आणि एका कानावरचं बटण दुसऱ्या कानाच्या बटणाशी जुळत नव्हतं. व्हर्लिन तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि नियमाचं पुस्तक त्याने नुकतंच तोंडपाठ केलं होतं. कुणा गाढवाने बिघडवलेला टोप आहे, असं म्हणून त्याने तो सुधारायला घेतला. त्याला हवं असलेलं बंदुकांचं बटण मी दिलं होतं. आमची पहिली देवाणघेवाण ती. बदल्यात त्याने मला काढलेलं बटण दिलं, तलवारींचं.

१९९४च्या मार्चमध्ये, शनिवारी जेवणाच्या सुमारास, पेटिफर्डबाई आल्या. चर्चच्या बायका कोपऱ्यात तिखट खिमा-घेवडा आणि त्याबरोबर दालचिनीचे गोड रोल वाढत होत्या आणि व्हर्लिनचा रोल निम्मा खाऊन झाला होता. बाई सत्तरीच्या, काळ्या, ताठ चालणाऱ्या. जंक्शन सिटीच्या इस्पितळात चाळीस वर्षं परिचारिका होत्या, हे मागाहून कळलं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये गोरे नसलेले लोक मोजून दोन होते, त्यातल्या त्या एक. त्यांनी पिशवीतून टोपी नाही, एक फोटो काढला.

"टोप्यांना तुमच्याशी खोटं बोलता येत नाही, असं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"माणसं बोलतात, टोप्या बोलत नाहीत," व्हर्लिन रोल बाजूला ठेवत म्हणाला. "आणा."

फोटोत एक काळा सैनिक होता, मिशी पिळलेला. डोक्यावर तुऱ्याचा टोप, पुढे गरुड, आणि नीट पाहिलं तर चोवीसचा आकडा. टोपाच्या कानांवरची बटणं अंधुक आली होती.

"माझे आजोबा, रॅन्सम पेटिफर्ड. मी सतरा वर्षांची असताना गेले. टोप माझ्या काकाने घरातल्या सामानाबरोबर विकून टाकला, एक्कावन्न साली. मला तो शोधायचाय. निदान कुठे आहे, ते तरी कळावं."

व्हर्लिनने फोटोवर भिंग फिरवलं. मग तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाई, हा टोप शोधू नका. असा टोप नसतो."

"नसतो म्हणजे?"

"चोविसावी पलटण पायदळाची. पायदळाला तुरा नाही. तुरा आहे तर दोरी कुठाय? फोटोवाल्यांकडे अशी खोगीरभरती पडलेली असायची. आलं गिऱ्हाईक, घाल डोक्यावर, काढ फोटो. तुमच्या आजोबांचा टोप वेगळा असेल."

"हं." पेटिफर्डबाई रागावल्या नाहीत. माझ्या मते त्यांनी असली उत्तरं जन्मभर ऐकली होती आणि कोणत्या उत्तरावर रागवायचं हे त्या निवडून ठरवायच्या. "फोटोवाल्याचा टोप आमच्या घरात वीस वर्षं खुंटीला होता तर. दर ऑगस्टला, गुलामांच्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीत आजोबा फोटोवाल्याचा टोप घालून पुढे चालायचे. मी मागून त्यांचा कोट धरून."

"मी फक्त नियम सांगतो."

"नियम आजोबांनाही माहीत होता. दहा वर्षं नोकरी केली त्यांनी. पाच पायदळात, पाच घोडदळात. नववं घोडदळ. दोन्हीकडे बूट शिवायचं काम, आणि वेळ पडली की बंदूक. सुटले तेव्हा म्हणाले, आता मला कोण तपासणार? मग तुरा लावला आणि बटण बदललं. आम्हा पोरांना टोप दाखवून सांगायचे, डाव्या कानाशी बंदूक, उजव्या कानाशी तलवार. दोन्हीकडून सरकारचं ऐकलं, म्हणून आता कमी ऐकू येतं."

मी हसले. व्हर्लिन हसला नव्हता. तो फोटोकडे बघत होता. त्याच्या हाताला लागून, काचेच्या पेटीत, तीन निळ्या फितींसकट, तो टोप होता. टोक लावलेला. दोन्ही कानांशी बंदुका.

बाईंनीही पेटीकडे पाहिलं. "तो पण चोवीसच ना?"

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फारच नीटनेटका." त्यांनी एका कागदावर आपला पत्ता लिहिला, तो व्हर्लिनच्या ताटलीखाली सरकवला, "काही कळलं तर," म्हणाल्या आणि गेल्या.

व्हर्लिनने मागून हाक मारली नाही. मीही नाही मारली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याला पुष्कळ बोलले. दुपारी दोन वाजताच त्याने टेबल आवरलं, जे त्याने आजवर कधीच केलं नव्हतं. लोकांना वाटलं, खिमा बाधला असेल.

रविवारी तो आलाच नाही. सोमवारी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. थंडी होती म्हणून अंगात ते जाकीटच होतं. तो एका ट्रकच्या रेडिएटरवर वाकला होता.

"अनाथाश्रम आला," तो मान वर न करता म्हणाला.

"व्हर्लिन, उगाच थट्टा करू नकोस. तुला आठवतंय ना?"

"काय?"

"मला काय विचारतोस काय? ते बटण मी दिलंय तुला."

त्याने हत्यार खाली ठेवलं. "त्या लिलावात असे दहा टोप असतील," तो म्हणाला. "कशावरून हाच? काय पुरावा आहे? नुसतं कुणी सांगितलं म्हणून मी मानत नाही, तुला ठाऊक आहे. कर्नलच्या सुनेचं मानलं नाही."

"कर्नलच्या सुनेच्या टोपीत तू भोकं मोजलीस. या बाईंच्या टोपाचा पुरावा तूच काढून फेकलास, आणि आता तिलाच पुरावा मागतोस?"

मग मी जे बोलले त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं खरं की मी त्याला चोर म्हटलं, आणि तो म्हणाला, "चोर नाही. मूर्ख म्हण." आणि स्टुलावर बसला.

"तुला माहितेय का ओपल, मी तो टोप पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला काय वाटलं? वाटलं, एवढा चांगला टोप, आणि कुणीतरी त्याची वाट लावलीये. मला कीव आली त्याची. आठ रात्री जागून मी तो नीट केला. आतली पट्टीसुद्धा बदलली. जुनी पट्टी कुणीतरी जाड दोऱ्याने, आडव्या टाक्यांनी परत शिवली होती. चांभाराचे टाके. मी म्हटलं, सैन्यात असे टाके चालत नाहीत."

"ती पट्टी कुठाय?"

"जाळली." त्याने शेगडीकडे पाहिलं. "याच शेगडीत."

मला त्याचा राग यायचा तो आलाच, पण त्याच्याकडे बघवेनाही. काढलेला एकही भाग हा माणूस टाकत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला कॉफीचे डबे आहेत, शंभर तरी, आणि त्यांत खिळे, चकत्या, गरुडांचे तुटके पंख. तुऱ्याची नळी आणि पिवळे केस तिसऱ्या डब्यात सापडले. बरोबर ती पट्टी तेवढी टाकायची बुद्धी त्याला झाली होती, कारण कातडं कुजतं.

"आणि बटण?" त्याने विचारलं. "मी तुला दिलेलं. कुणाला विकलंस?"

"विकलं गेलं असतं तर कशाला हवं होतं? त्याचा एक पाय..." मी बोलता बोलता थांबले.

आम्ही दोघांनी एकदमच माझ्या जाकिटाकडे पाहिलं. घोडदळाची तलवारींची बटणं माझ्या अंगावर तीन होती. व्हर्लिनने चष्मा कपाळावर चढवला आणि मला खिडकीपाशी उभं केलं. एवढ्या वर्षांत तो माझ्या इतक्या जवळ कधी आला नव्हता, लोरीनने पाहिलं असतं तर चौकशी केली असती. पहिलं बटण बघून त्याने मान हलवली. दुसरं बघून हलवली. तिसरं खिशाच्या वर होतं. या बटणांना मागे दोन पाय असतात, ते नमद्यातून आत घालून फाकवायचे. या तिसऱ्याचा एक पाय मूळचा होता. दुसरा तुटला होता आणि त्या जागी कुणीतरी तांब्याचा बारीक खिळा बसवला होता.

"याच्यामुळेच कुणी घेईना," मी म्हटलं. "मला वाटायचं, कुणा खेडवळाचं काम."

व्हर्लिनने ते काढून हातावर घेतलं. झाळकाम हा त्याचा जन्माचा धंदा, जोड कुणी घातलाय हे त्याला घातलेल्या जोडावरून कळतं. खिडकीच्या उजेडात धरून त्याने ते फिरवलं.

"डाख नाही हा," तो म्हणाला. "ठोकून बसवलाय. टाचेचा खिळा आहे ओपल. बुटाच्या टाचेचा."

मग त्याने पेटी उघडली, चोवीसचा टोप काढला, माझं बंदुकांचं बटण उजव्या कानावरून उतरवलं आणि बॅटरी लावली. त्या दोन भोकांपैकी एक चपटं होतं. दुसरं बारीक आणि गोल होतं. पंचवीस वर्षं तो लोकांना भोकं बघायला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जंक्शन सिटीला गेलो. तो मला म्हणाला, "तू नाही आलीस तरी चालेल." मी म्हटलं, "बटण कुणाकडून निघालं?" वाटेत त्याने तीनदा गाडी थांबवली, दोनदा काहीच कारण नसताना.

पेटिफर्डबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. व्हर्लिनने टोप टेबलावर ठेवला, शेजारी तुरा, शेजारी बटण. आणि त्याने सांगितलं. कुठे घेतला, काय काढलं, काय लावलं, काय जाळलं. त्याने सारवासारव केली नाही. लोकांच्या टोप्यांबद्दल ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात सांगितलं, आणि ते मला बरं वाटलं.

बाईंनी बटण उचललं, उलटं केलं, त्या खिळ्यावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

"या बक्षिसांचं काय?" त्यांनी विचारलं. "फिती होत्या त्याला."

"तीन."

"कशाबद्दल?"

"अस्सल असल्याबद्दल."

"म्हणजे तुम्ही माझ्या आजोबांना त्यांच्याच टोपातून पुसून काढलंत, आणि त्याबद्दल तुम्हाला तीनदा पहिलं बक्षीस मिळालं."

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"आणि शनिवारी हे तुम्हाला कळलं, तेव्हा गप्प बसलात."

"हो."

"मीही बसले," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, तिथल्या कुंडीतलं एक वाळकं पान काढलं. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी कपाटातून रेघांची वही काढली आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या हातात आला तेव्हा कसा होता. टाके किती होते, कोणत्या बाजूला. दोरा कसला. वास कसला येत होता. तुम्ही आधी वास घेता असं ऐकलंय."

"मेणाचा," व्हर्लिन लगेच म्हणाला. "मेणाचा आणि बुटांच्या काळ्या रंगाचा. मला वाटलं होतं, कुणी गबाळ्याने टोपाला बुटाचं पॉलिश फासलंय."

पेटिफर्डबाई खाली बसल्या. "हात पुसायचे नाहीत ते," त्या म्हणाल्या. "आजी ओरडायची. तसेच हात घेऊन टोप काढायचे." आणि मग त्या रडल्या, नीट, मोकळेपणी, आणि आम्ही दोघं मेजावरच्या फुलाफुलांच्या मेणकापडाकडे बघत बसलो.

व्हर्लिनने पाच पानं लिहिली. माझ्या पाहण्यात त्याने आयुष्यात एवढं लिहिलेलं नाही. पट्टीचं चित्रसुद्धा काढलं, टाक्यांसकट. एकतीस टाके. आठ रात्री समोर होते, तेव्हा मोजले होते, आणि असल्या गोष्टी हा माणूस विसरत नाही. तुरा त्याने परत बसवला. बटण बसवायला घेतलं तेव्हा बाईंनी हात पुढे केला. "ते मी," त्या म्हणाल्या. खिळ्याचा पाय भोकात सरळ गेला. पट्टीबद्दल त्याने विचारलं, जुन्या चित्राबरहुकूम नवी शिवून आणू का? बाई म्हणाल्या, "नको. तुम्ही आजवर पुष्कळ नीट केलंय."

त्यावर लोरीन नंतर मला म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला हे वाक्य सुचलं नाही बघ."

त्या ऑगस्टमध्ये मुक्तिदिनाच्या मिरवणुकीत टोप परत पुढे होता. पेटिफर्डबाईंनी घातला नाही, दोन्ही हातांत धरून चालल्या. व्हर्लिन आणि मी फूटपाथवर होतो. त्याने एकदाच "तुरा जरा डावीकडे झुकलाय" असं म्हटलं आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला.

त्याच्या टेबलावरची काचेची पेटी वर्षभर रिकामी होती. लोक विचारायचे, चोवीसचा कुठे गेला? तो म्हणायचा, "घरी गेला." आणि मग, न विचारता, पुढचं सगळं सांगायचा. पहिल्यांदा सांगताना तो घामाघूम झाला होता. त्याच्या शब्दाला किंमत राहिली नाही असं काहीजण म्हणाले, आणि दोघातिघांनी त्याच्याकडून आधी घेतलेली मतं दुसऱ्याकडून तपासून घेतली. त्याला ते लागलं. त्याने ते मला बोलून दाखवलं आणि मी म्हटलं, "लागू दे."

पुढच्या मार्चमध्ये पेटिफर्डबाई हॉलमध्ये आल्या. या वेळी पिशवीत टोप होता. त्यांनी तो सरळ स्पर्धेच्या टेबलावर ठेवला आणि नाव नोंदवलं. परीक्षक तीन, त्यातला एक व्हर्लिन. बाकीचे दोघे टोपाभोवती फिरले आणि त्याच्याकडे बघू लागले. नियम स्पष्ट आहे. एक भाग जरी परका निघाला तरी टोप बाद. तो नियम घालायला लावणाराही व्हर्लिनच होता.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, टोप उलटा केला, वास घेतला. बॅटरी लावली. सगळं नेहमीसारखं, एकही पायरी न गाळता. मग निकालाचं कार्ड भरलं, टोपापुढे ठेवलं आणि आपल्या टेबलाकडे येऊन उभा राहिला.

पेटिफर्डबाईंनी कार्ड हातात धरून मोठ्याने वाचलं. त्यांना इस्पितळातली सवय, नोंद वाचायची ती स्पष्ट.

"स्पर्धेतून बाद. तुरा नियमाबाहेर. उजव्या कानाचं बटण नियमाबाहेर. दोन्ही अस्सल. आतली कपाळपट्टी नियमाबरहुकूम. ती खोटी आहे, मी लावली. व्ही. हाऊक."

त्यांनी कार्ड परत टोपापुढे उभं केलं, ते पडतंय असं पाहून गरुडाला टेकवलं, आणि खिम्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.